कोकणातल्या रानाची नमुना-मोजणी: या चुका टाळा

कोकणात रान विकलं जातं ते बहुधा उक्तं. ठेकेदार डोंगराखाली उभा राहून वर बघतो, एक रक्कम सांगतो, आणि मालकाकडे त्यावर बोलायला स्वतःचा असा आकडाच नसतो. रत्नागिरीत तर बहुतेक जंगल खासगी मालकीचं आहे, म्हणजे हे नुकसान थेट घराघरांचं. आता गावांच्या जैवविविधता समित्या, कॉलेजची मुलं, काही संस्था स्वतः मोजणीला उतरतायत, याचा मनापासून आनंद आहे. त्यासाठी प्रत्येक झाडाला टेप लावायची गरज नाही. 1981मध्ये डेहराडूनला स्थापन झालेलं भारतीय वन सर्वेक्षण अख्ख्या देशाचा लाकूडसाठा नमुना-प्लॉटांवरूनच, म्हणजे ठरावीक मापाच्या मोजक्या तुकड्यांवरूनच काढतं. प्रश्न पद्धतीचा नसतो, ती राबवताना ज्या सवलती घेतल्या जातात त्यांचा असतो.

जागा पायांनी निवडणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. टीम पाखाडीने (दगडी पायवाटेने) वर जाते आणि जिथे करवंदाच्या जाळ्या नाहीत, बसायला सावली आहे, तिथे दोरी टाकते. वाटेकडेचं रान आधीच तुटलेलं असतं, त्यामुळे साठा कमी भरतो. याच्या उलटही होतं: गावकरी कौतुकाने "चांगलं रान" दाखवायला नेतात आणि साठा फुगतो.

यावर प्लॉट वाढवणं हा उपाय नाही. प्लॉट चौपट केले की योगायोगाने होणारी चूक निम्म्यावर येते, पण निवडीतच असलेला कल तसूभरही हलत नाही. उलट आकडा अधिक ठाम दिसायला लागतो आणि त्यावर जास्त विश्वास बसतो. म्हणून जागा घरी, नकाशावर ठरवा. चौकटींची जाळी टाका, पहिला बिंदू चिठ्ठी काढून घ्या, बाकीचे ठरलेल्या अंतराने येऊ द्या.

रांगांची दिशाही बघा. आपल्याकडे खाडीकाठी तिवर-कांदळाची खारफुटी, मग भातखाचरं, बागा, उतारावर ऐन-किंजळीचं रान आणि माथ्यावर कातळसडा (कातळाचं उघडं पठार) असा पट्ट्यापट्ट्यांचा डोंगर असतो. डोंगराच्या धारेला समांतर रांग टाकली तर ती एकाच पट्ट्यातून फिरते. रांग खालून वर, उतार कापत गेली पाहिजे.

दाट रानात जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतो आणि त्या गोंधळात पाय पुन्हा सोप्या जागेकडे वळतात. बिंदू वीस-तीस मीटरवर आला की यंत्र खिशात ठेवा, उरलेलं अंतर होकायंत्र आणि टेपने चाला. संपेल तिथे केंद्र. मग तिथे जाळी असो की वारूळ.

शून्याचा प्लॉट गाळणं

बिंदू उघड्या कातळावर पडला, एकही झाड नाही, तर लोक म्हणतात, "इथे मोजायचं काय?" आणि बिंदू सरकवतात. मोजणीच्या हद्दीत सडा धरला असेल तर शून्य हा खरा, हवाच असलेला आकडा आहे. तो गाळला की सड्यावरही रान उगवतं, कागदावर. कड्यावर पडलेल्या, पोहोचताच न येणाऱ्या प्लॉटची मात्र "अगम्य" अशी वेगळी नोंद करा. तिथे शून्य लिहायचं नाही आणि शेजारचा प्लॉटही घ्यायचा नाही.

सडा आणि देवराई एकाच सरासरीत

समजा 100 हेक्टरचा डोंगर आहे. 70 हेक्टर सडा, हेक्टरी 10 घनमीटर. 25 हेक्टर रान, हेक्टरी 80. 5 हेक्टर देवराई, हेक्टरी 300. तिन्हीकडे पाच-पाच प्लॉट घेतले आणि पंधरांची सरळ सरासरी काढली, तर हेक्टरी 130 येतात, म्हणजे डोंगरावर 13,000 घनमीटर. प्रत्येक भागाला त्याच्या क्षेत्राचं वजन दिलं तर 700, 2,000 आणि 1,500 मिळून 4,200. तिपटीहून जास्त फरक, आणि प्रत्यक्ष मोजणीत एकही चूक नाही! गावाच्या आराखड्यात असा 13,000चा आकडा गेला तर त्यावर बेतलेली तोड रानाला किती वर्षं मागे नेईल, याचा विचार करा.

भाग आधी वेगळे पाडण्याचा फायदा कष्टातही दिसतो. आठ-दहा प्लॉट चाचणीला घ्या आणि त्यांच्यातला चढउतार (प्रमाण विचलन) सरासरीच्या किती टक्के आहे ते काढा. त्याची दुप्पट करून, जितके टक्के चूक चालेल त्या आकड्याने भागा आणि वर्ग करा, की सुमारे 95 टक्के खात्रीसाठी लागणारे प्लॉट मिळतात. चढउतार 60 टक्के आणि चालणारी चूक 10 टक्के असेल तर 144 प्लॉट. एकसारख्या भागात चढउतार 30वर आला तर 36 पुरतात.

एका बिंदूभोवती चार छोटे उपप्लॉट घेतले तर हिशोबात ते चार नव्हेत, एकच धरा. शेजारी-शेजारी असल्याने ते एकमेकांसारखेच असतात.

कड आणि उतार

सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे यांनी 1940च्या दशकात पीककापणीच्या प्रयोगांवरून दाखवलं, की प्लॉट फार लहान असला तर उत्पन्न फुगून येतं. कडेवरचं रोप आत ओढायचा मोह होतो आणि लहान प्लॉटला क्षेत्राच्या मानाने कड जास्त असते. झाडांचंही तेच. खोडाचा मध्य आत तर झाड आत, बाहेर तर बाहेर. फांद्या कुठे पसरल्यात ते बघायचं नाही.

त्रिज्या 12.62 मीटर घेतली की वर्तुळ 500 चौरस मीटरचं होतं. जाळीला वळसा घालताना टेप वाकडा जाऊन त्रिज्या अर्धा मीटर कमी भरली, तर क्षेत्र जवळपास 8 टक्क्यांनी घटतं. क्षेत्र आडव्या पातळीवरचं धरायचं असतं, हेही विसरलं जातं. 30 अंशांच्या उतारावर 10 मीटर आडवं अंतर म्हणजे जमिनीवरून 11.55 मीटर. ही दुरुस्ती केली नाही तर हेक्टरी साठा 13 टक्क्यांनी कमी दिसतो.

प्लॉट रानाच्या हद्दीवर आला तर आत सरकवू नका. केंद्रापासून झाडापर्यंत जा आणि तेवढंच अंतर सरळ पुढे चाला, निदान नजरेने. पाऊल हद्दीबाहेर पडलं तर ते झाड दोनदा मोजा. त्याने हद्दीवरच्या झाडांना कमी मिळालेली संधी भरून निघते.

टेप लावताना

घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे 1.37 मीटरवर, उतारावर वरच्या बाजूला उभं राहून घ्या. कांदळाच्या आधारमुळांना हा नियम लागू नाही, तिथे सगळ्यात वरच्या मुळाच्या 30 सेंटिमीटर वर टेप लावतात. घेर व्यासाच्या रकान्यात लिहिला तर खोडाचं छेदक्षेत्र जवळपास दहापट येतं, आणि असे तक्ते खरंच सापडतात.

कोकणातली खास अडचण राबाची, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला झाडं छाटण्याची. कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडून तोडून ऐनाचा बुंधा जाड राहतो आणि वर मुठीएवढा शेंडा उरतो. अख्ख्या झाडांवर बेतलेलं घनफळाचं सूत्र अशा झाडाला लावलं की नसलेलं लाकूड जमा होतं. या झाडांना वेगळा रकाना द्या, त्यातल्या काहींचं खोड तुकड्यातुकड्याने मोजून वेगळं प्रमाण काढा. छातीच्या उंचीखाली फुटलेले फुटवे स्वतंत्र खोड म्हणून लिहा.

फेरतपासणी

दहातला एक प्लॉट दुसऱ्या टीमने, पहिला तक्ता न बघता मोजावा. त्यासाठी केंद्र सापडलं पाहिजे, आणि रंगाची खूण आपल्या पावसात टिकत नाही. लोखंडी सळई जमिनीत ठोका, जवळच्या दोन झाडांपासूनचं अंतर आणि दिशा लिहून ठेवा. कातळावर छिन्नीने छोटी फुली चालते. कातळशिल्पं असलेल्या सड्यावर मात्र छिन्नी लावूच नका, तिथे दगडांची लहान रास आणि जीपीएसची नोंद पुरे.