एरंडेल, आयसोसायनेट आणि जुलै महिना

एम.एस्सी. संपवून एरंडेलापासून लवचिक पॉलियुरेथेन बनवायच्या प्रकल्पावर लागलो, तेव्हा आईने विचारलं, "म्हणजे एरंडाचं गुऱ्हाळच की!" पहिले चार महिने तिचंच खरं ठरलं.

या कामात नव्याने पडणाऱ्याने सुरुवात एरंडेलापासूनच करावी. त्यातल्या मेदाम्लांपैकी 90 टक्क्यांच्या आसपास रिसिनोलिक आम्ल असतं आणि त्याच्या बाराव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल (OH) गट आयता मिळतो; पॉलियुरेथेन बनताना आयसोसायनेट हा दुसरा घटक त्यालाच जोडला जातो. सोयाबीन तेलात तो नसतो. तो आणायला आधी इपॉक्सिडेशन करा, म्हणजे दुहेरी बंधावर ऑक्सिजनची रिंग बसवा, मग ती रिंग उघडा. नवख्याने त्या फंदात पडू नये. एरंडेल थेट आयसोसायनेटशी जुळतं. वर हायड्रॉक्सिलच्या पुढची सहा कार्बनची शेपटी जाळ्यात मोकळी लोंबत राहते, त्यामुळे शीट मऊ पडते.

माझी पहिली शीट ओतली ती जुलैत, मुंबईत. सकाळी साचा उघडला तर अनारशाला असते तशी जाळी! तेल डब्यातून थेट घेतलं होतं. त्यातल्या पाण्याने आयसोसायनेट खाल्लं आणि कार्बन डायऑक्साइड सोडला. तेव्हापासून तेल आधी 90 अंशांवर व्हॅक्यूमखाली ढवळायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. घाई करायची नाही.

दुसरी शीट नितळ निघाली, पण बोटाला चिकटायची. आठवडाभर मी कॅटलिस्टला शिव्या घातल्या. शेवटी लॅबमधल्या सीनियर ताईने आयसोसायनेटच्या बाटलीच्या तोंडाशी जमलेला पांढरा थर नखाने दाखवला. "ही बाटली रोज कोण उघडतं रे?" मीच. आत किती एनसीओ, म्हणजे आयसोसायनेटचा क्रिया करणारा गट, उरलाय, हे डायब्युटिलअमाइनच्या टायट्रेशनने कळलं. लेबलवरचा आकडा कधीच मागे पडला होता.

म्हणून तेल आणि आयसोसायनेट, दोन्हीकडचे आकडे स्वतः काढा. तेलात हायड्रॉक्सिल किती, हे सांगणारा आकडा म्हणजे हायड्रॉक्सिल व्हॅल्यू. 56100 ला हायड्रॉक्सिल व्हॅल्यूने भागलं की तेलाचा तुल्यभार, म्हणजे एका हायड्रॉक्सिल गटामागचं वजन, येतो. व्हॅल्यू 163 असेल तर 344. आयपीडीआयचा, म्हणजे मी वापरलेल्या आयसोसायनेटचा, 111. म्हणजे 100 ग्रॅम तेलाला साधारण 32.3 ग्रॅम आयपीडीआय. याच हिशेबाने शीटमध्ये वनस्पतीचा वाटा तीन चतुर्थांशच भरतो, बाकीचं पेट्रोलियम. प्रबंधात 'संपूर्ण हरित' लिहिणाऱ्यांचा मला राग येतो तो याच्यामुळे.

आणि आयसोसायनेटची बाटली फ्यूम हूडबाहेर, म्हणजे वाफा खेचून घेणाऱ्या कपाटाबाहेर, उघडू नका. आयसोसायनेटमुळे एकदा दमा जडला की पुढे नगण्य वाफही सोसत नाही. असा एक चांगला मुलगा हे काम सोडून गेलेला मी पाहिलाय.

पुढे चिकटद्रव्यांच्या एका कंपनीत मुलाखतीला गेलो. माझ्या ताणचाचणीच्या आलेखांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. पहिला प्रश्न आला, "हायड्रॉक्सिल व्हॅल्यू स्वतः काढलीय का?" त्या चाचणीत वापरायच्या पिरिडीनचा तो वास नाकात आला आणि मी म्हणालो, "हो, रोज."