गव्हाच्या पहिल्या पाण्याआधी स्टार्टरची पेटी उघडा

सोयाबीन निघालं, पलेवा (पेरणीआधीचं पाणी) झाला, इंदूरजवळच्या सांवेर-देपालपूरकडे गहूही पेरून झाला. पेरणीनंतर 20 ते 22 दिवसांनी मुकुटमुळं फुटतात. त्या वेळचं पहिलं पाणी चुकलं तर फुटवे कमी. अडचण अशी, की हे दिवस सगळ्यांचे एकदमच येतात, शिवाय लसूण-बटाट्याचं पाणी सुरूच असतं. लाइट आली की एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी ऑटो स्विचवर एकाच क्षणी उठतात, व्होल्टेज बसतं, मोटरी जळतात आणि इंदुरात मोटर भरणाऱ्यांकडे रांग लागते. मीही त्या रांगेत एकाच हंगामात दोनदा उभा राहिलोय.

थ्री-फेज मोटर थेट लाइनवर, म्हणजे डीओएलवर, उठताना नेहमीच्या सहा ते आठ पट करंट ओढते. साडेसात एचपीची मोटर चालताना साधारण 11 अँपिअर घेते, उठताना 65 ते 90. म्हणून स्टार-डेल्टा स्टार्टर लावतात: मोटर आधी स्टार जोडणीत उठते, मग टायमर तिला डेल्टा या पूर्ण व्होल्टेजच्या जोडणीत नेतो. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला 415 ऐवजी 240 व्होल्ट मिळतात आणि लाइनचा करंट एक तृतीयांश होतो.

पण उचलण्याची ताकदही एक तृतीयांशच राहते, आणि गोम इथेच आहे. ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने पडते. 415 चे 350 झाले की ती 71 टक्के, त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे जेमतेम पाव. मोटर धड वेगात येत नाही, तोच टायमर तिला डेल्टात ढकलतो. जो झटका टाळायचा होता तो बसतोच. टायमर अंदाजाने लावू नका. अँमीटरचा काटा चढून खाली बसला, की मगच डेल्टा. विहिरीवरच्या मोनोब्लॉकचा (मोटर-पंप एकत्र असलेल्या संचाचा) डिलिव्हरी व्हॉल्व बंद ठेवून मोटर सुरू करा, तिच्यावरचा भार बराच हलका होतो.

सॉफ्ट स्टार्टरबद्दल हल्ली बरेच जण विचारतात. तो थायरिस्टर या इलेक्ट्रॉनिक स्विचनं व्होल्टेज हळूहळू चढवतो आणि बंद करतानाही हळूच उतरवतो, त्यामुळे लांब पाइपलाइनला पाण्याचा दणका बसत नाही. चांगली वस्तू आहे, पण लाइनमध्ये नसलेलं व्होल्टेज तो आणणार कुठून? सबमर्सिबलला चढण्याचा वेळ दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त देऊ नका. कमी वेगात तिच्या थ्रस्ट (भार पेलणाऱ्या) बेअरिंगला पाण्याचा थर मिळत नाही आणि ती झिजते. कपॅसिटर असेल तर तो सॉफ्ट स्टार्टरच्या आधी, लाइनच्या बाजूला. मोटरच्या बाजूला लावला तर थायरिस्टर उडतात.

मेन स्विच पाडून पेटी उघडा. काळवंडलेले कॉन्टॅक्ट बदला, ढिले स्क्रू आवळा, ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरवर आहे का बघा. स्टार-डेल्टात रिले वाइंडिंगच्या वायरीवर असेल तर पाटीच्या आकड्याच्या 58 टक्के धरा. पुष्कळ मोटरी इथल्या चुकीनेच जळतात. एक फेज गेल्यावर मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर काढून ठेवला असेल तर परत बसवा. पाणी कमी येतंय आणि लाइनचं काम नुकतंच झालंय, तर मोटर उलटी फिरत असेल. दोन फेज अदलाबदल करून घ्या.

राहिला ऑटो स्विच. डीपीवरच्या शेजाऱ्यांशी बोलून टायमर वेगवेगळे लावा: एकाचा 15 सेकंदांनी, दुसऱ्याचा 30, तिसऱ्याचा 45. पहिला नंबर कुणाचा यावरून वाद होईलच, चिठ्ठ्या टाका.