जाम झालेल्या कॅलिपरवर नवे ब्रेक पॅड: या चुका टाळा

जुने पॅड काढले की लगेच टाकून देऊ नका. आधी चारही पॅड शेजारी ठेवून बघा. आतला पॅड पत्र्यापर्यंत घासलेला आणि बाहेरचा अजून जाड, तर बहुधा स्लाइड पिन, म्हणजे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्यांवर सरकतो त्या पिना, जाम आहेत. एकच पॅड तिरका झिजला असेल, तर बहुधा दोनपैकी एक पिन अडकली आहे. एका चाकाचे दोन्ही पॅड संपले आणि दुसऱ्याचे शिल्लक, तर संशय पिस्टनवर (कॅलिपरमधला पॅड ढकलणारा दट्ट्या) किंवा ब्रेकच्या रबरी नळीवर. हे न बघता नवे पॅड ठोकून बसवले, तर तेही तसेच झिजतील आणि डिस्कही खराब होईल. कोकणपट्टीत खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस असतो, तिथे उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा त्रास फार.

खाली दिलेलं सगळं पुढच्या चाकांच्या एक पिस्टनवाल्या सरकत्या कॅलिपरसाठी आहे. बहुतेक लहान गाड्यांना तोच असतो. मागे डिस्क असेल आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असेल, तर पिस्टन नुसता दाबू नका. तो बहुधा फिरवत आत घालावा लागतो; इलेक्ट्रिक हँडब्रेकला आधी सर्व्हिस मोड लागतो. जबरदस्ती केली तर कॅलिपरच बदलावा लागेल.

नुसत्या जॅकवर काम. जाम बोल्टवर जोर लावला की गाडी हलते. सपाट, पक्की जमीन हवी. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, गाडी जॅक स्टँडवर टेकवा, काढलेलं चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवा. विटा नकोत, त्या एकदम फुटतात.

बोल्ट उलटा फिरवणं. कॅलिपरच्या बोल्टचं डोकं आतल्या बाजूला असतं. बाहेर बसून पाना लावला की दिशा चुकते, आणि आपण ‘जाम’ बोल्ट आणखी आवळत राहतो. डोक्याकडून बघून घड्याळाच्या उलट फिरवा. गंजलेल्या बोल्टला सहा कोनी सॉकेट किंवा चांगला रिंग पाना लावा. फिक्स पान्याने कोपरे गोल होतात. आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून १५-२० मिनिटं थांबा, डोक्यावर हातोडीचे दोन-चार टोले द्या, किंचित आवळा आणि मग सोडा. बोल्टबरोबर पिनही फिरायला लागली तर तिच्या चपट्या बाजूंवर पातळ फिक्स पाना धरा. तेल डिस्कवर उडालं असेल तर ब्रेक क्लीनरने पुसा. पॅडवर गेलं तर तो पॅड बाद.

पिन सरळ ओढणं. जास्तीत जास्त वेळ इथे द्या. अडकलेली पिन ओढून येत नाही, रबर बूट मात्र फाटतो. ती आधी डावी-उजवी फिरवत मोकळी करा, फिरत असतानाच बाहेर काढा. हलतच नसेल तर ब्रॅकेट (कॅलिपर धरणारी चौकट) काढून बाकाच्या व्हाइसमध्ये पकडा. पिनवर खड्डे पडले असतील तर पॉलिश पेपर मारत बसू नका, पिन आणि बूटचा नवा संच घाला. भोक आतून पूर्ण स्वच्छ करा. ग्रीस ब्रेकसाठीचंच, सिलिकॉनचं. साध्या ग्रीसने किंवा इंजिन ऑइलने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. थरही पातळच हवा. भोक ग्रीसने भरलं की आत हवा कोंडते, पिन मागे ढकलली जाते. बऱ्याच गाड्यांत एका पिनेला रबरी नळकांडं असतं, ते कुठल्या जागी होतं याचा फोटो काढून ठेवा.

पॅड हातोडीने आत ठोकणं. पॅडचे कान क्लिपांमध्ये बोटाच्या जोराने सरकले पाहिजेत. सरकत नसतील तर क्लिपा काढा. त्यांच्याखाली गंज साचून क्लिप वर उचलली गेलेली दिसेल. तारेच्या ब्रशने ब्रॅकेटची ती जागा धातूपर्यंत घासा आणि नव्या क्लिपा लावा.

पिस्टनवर स्क्रूड्रायव्हरची पहार. ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडा, पातळी वर असेल तर सिरिंजने थोडं काढून घ्या (रंगावर सांडू नका, रंग उतरतो). जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाबा. हटतच नसेल, तर ब्लीडर निपलला (हवा काढण्यासाठी कॅलिपरवर असलेली तोटी) पारदर्शक नळी लावून, तिचं टोक बाटलीत सोडून निपल अर्धा फेरा उघडा. आता पिस्टन सहज गेला तर बहुधा रबरी नळी आतून चोंदली आहे. तरीही अडकला तर पिस्टनच गंजला आहे. दोन्हीत पार्ट बदलून हवा काढणं आलं. पूर्वी ते केलं नसेल तर गॅरेजला द्या. या सगळ्यात कॅलिपर नळीवर लोंबू देऊ नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा.

पॅड नेहमी दोन्ही पुढच्या चाकांचे एकदम बदला. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. इंजिन चालू करण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा, नाहीतर पहिल्या ब्रेकला पाय सरळ खाली जाईल. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किमीवरून १० पर्यंत ८-१० वेळा बेताने ब्रेक लावा, मध्ये गार होऊ द्या.

त्यानंतर ८-१० किलोमीटर, शक्यतो कमी ब्रेक लावत, गाडी चालवून थांबा आणि दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न्या, डिस्कला लावू नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागलं तर त्या बाजूच्या पिना पुन्हा काढा.