ग्रुपने मिळून बुद्धिबळ खेळायचंय? मतदान सोडा, बाजार लावून बघा

१९९९ मध्ये तेव्हाचा जगज्जेता कास्पारोव्ह विरुद्ध अख्खं जग असा डाव झाला होता, २१ जूनला सुरू होऊन २२ ऑक्टोबरला संपला, ६२ चाली, एका चालीला २४ तास, आणि ७५ हून जास्त देशांतले ५० हजारांवर लोक मत देऊन काळ्याची चाल ठरवायचे. दहाव्या चालीला जगाच्या बाजूची सल्लागार, १५ वर्षांच्या इरिना क्रशने वजीर ई६ वर न्यायला सांगितला, एकाच वेळी ई४ आणि सी४ दोन्ही प्याद्यांवर मारा, तिथून डाव काय रंगला! जग हरलं शेवटी, पण लढून हरलं. मला त्यात एकच खटकतं, दोन तास पट मांडून बसलेल्याचं मत आणि पाच सेकंदात क्लिक केलेल्याचं मत, दोन्हीची किंमत सारखीच. बाजारात, म्हणजे चालींवर शेअरसारखी खरेदी-विक्री केली तर, तसं नसतं, खात्री जेवढी तेवढे पॉइंट लावायचे.

आता करायचं कसं. पैसे अजिबात नकोत, २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर तर नकोच, प्रत्येकाला दर चालीला नवे १०० पॉइंट द्या म्हणजे सुरुवातीला हरलेला माणूस पण शेवटपर्यंत टिकतो. पहिले काही तास चाली सुचवायला, त्यातल्या चारच ठेवा, जास्त ठेवल्या की पॉइंट विखुरतात आणि भावाला काही अर्थच राहत नाही.

मग प्रत्येक चालीचा वेगळा बाजार: "ही चाल खेळलो तर आपण जिंकू का?" जिंकलो तर 'हो' च्या एका शेअरला १ पॉइंट, बरोबरी झाली तर अर्धा, हरलो तर शून्य, 'नाही' चं उलटं. ज्या चालीचा भाव सगळ्यात वर ती खेळायची, बाकीचे बाजार रद्द, पॉइंट परत.

समोर विकणारा कोण? अर्थतज्ज्ञ रॉबिन हॅन्सनचा फॉर्म्युला वापरा, तोच भाव ठरवून शेअर विकतो, एक्सेल शीटमध्ये बसतो. बी नावाचा एक आकडा ठरवायचा, समजा १००. विकलेले 'हो' भागिले बी, तेवढा ई चा (गणितातला ठरलेला आकडा, साधारण २.७१८) घात काढा, 'नाही' चा पण तसाच काढा, 'हो' चा घात दोघांच्या बेरजेने भागला की भाव. सुरुवात ०.५० ला होते, कोणी ५० 'हो' घेतले की भाव ०.६२ वर जातो आणि त्याचे साधारण २८ पॉइंट जातात. छोटा ग्रुप असेल तर बी कमी ठेवा, नाहीतर भाव हलतच नाही.

आमच्याकडे एकदा घोड्याने एफ७ वर मारायची चाल ०.७१ वर गेली होती, शह दिसत होता ना, सगळे खूष. रात्री उशिरा एकाने सगळे पॉइंट 'नाही' वर टाकले, भाव ०.४० च्या खाली. सकाळी सगळ्यांनी पट मांडला तेव्हा कळलं की तीन चालींनी आपलाच वजीर अडकतोय! ज्याने वाचवलं त्याला मिळालं काय, काहीच नाही, कारण चाल खेळलीच नाही म्हणून बाजार रद्द आणि पॉइंट परत. ही या पद्धतीतली खरी खोट आहे आणि ती आधीच बुजवायला हवी, नाहीतर चूक दाखवायला कोणी येणार नाही. आम्ही आता डाव संपल्यावर रद्द झालेल्या चाली स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या इंजिनमध्ये (चाली तपासणारा प्रोग्रॅम) घालतो आणि ज्यांनी खराब चालीचा भाव पाडला त्यांना बोनस देतो. डाव चालू असताना मात्र इंजिन बंद, नाहीतर माणसांचा बाजार कशाला.

आणि शेवटच्या मिनिटाचा भाव धरू नका, कोणीतरी एकदम पॉइंट ओतून हवी ती चाल वर काढतो. शेवटच्या तासाची सरासरी धरा.