पाणी प्या, पण बेताने
एसटीत 31 वर्षं कंडक्टरकी केली. लघवी रोखून धरण्यात माझा हात कुणी धरणार नाही, अशी घमेंड होती. प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखालच्या ग्रंथीच्या, सोनोग्राफीने ती उतरवली.

"पाणी पिऊन या" म्हटल्यावर मी घरूनच दोन लिटर ढोसून निघालो. सेंटरवर पुढे नऊ नंबर. बाकावर सगळ्या पोटुशा लेकीसुना, समोर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही'ची पाटी, आणि मध्ये मी, घाम पुसत.

तुम्ही असं करू नका. फोन करून नंबर कधी येईल ते विचारा. त्याच्या तासभर आधी चार-पाच ग्लास साधं पाणी, थांबत थांबत प्या. मग लघवीला जायचं नाही. पिशवी भरलेली असली की तिच्यातून खालची ग्रंथी स्वच्छ दिसते. लागली आहे, पण शेजाऱ्याशी बोलता येतंय, इतपत पुरे. कळ यायला लागली तर काउंटरवर सरळ सांगा. किडनी किंवा हृदयामुळे पाणी मोजून प्यायचं असेल, किंवा लघवी तुंबत असेल, तर किती प्यायचं ते आधी डॉक्टरांना विचारा.

पायजमा नाडीचा नको, इलॅस्टिकचा घाला. का, ते पुढे कळेल.

आत उताणं झोपायचं. ओटीपोटावर गारेगार जेल लावून प्रोब फिरवतात, जरा दाबतात. दुखत नाही, फक्त पिशवीचा जीव जातो. ग्रंथीची लांबी, रुंदी, उंची मोजून त्यावरून वजन काढतात. माझी 40 ग्रॅम भरली; तरुणपणी ती विसेक ग्रॅम असते.

मग म्हणतात, लघवी करून या. मागे किती उरते ते बघायचं असतं. इथेच गफलत होते. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं म्हणून मी अर्धवट उरकून आलो, तर 150 मिली शिल्लक! डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, पुन्हा जाऊन या, सावकाश." दुसऱ्यांदा 45. पहिलाच आकडा रिपोर्टात गेला असता तर पुढचं औषधपाणी त्यावर ठरलं असतं. म्हणून दार वाजू द्या. झाल्यासारखं वाटलं तरी मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करा.

गुदद्वारातून करायची असेल तर डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. बोटाएवढा जाड प्रोब, त्यावर कंडोम आणि जेल. माझ्या ड्रायव्हर मित्राची झाली. अवघडल्यासारखं होतं, म्हणाला, पण दहा-पंधरा मिनिटांत सुटका. त्यात तपासायला ग्रंथीचा तुकडा काढणार असतील तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्याचं आधी सांगा. मनाने बंद करू नका.

ग्रंथी मोठी म्हणजे कॅन्सर, असं नसतं. पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट असेल तर सोबत न्या, आणि मागची सोनोग्राफीही. माझा मागचा कागद हिने तेलाच्या डब्याखाली अंथरला होता. डागातून आकडा तेवढा वाचता आला: 36 ग्रॅम.