आधी टायर ठरवा, मग अलॉय घ्या: व्हर्टस जीटीच्या उदाहरणासह

ठाण्यात किंवा नवी मुंबईत गाडी मॉडिफाय करणारे बहुतेक जण आधी अलॉयच्या डिझाइनवर पैसे मोजतात. मग त्यावर बसेल असा जो टायर दुकानात असतो तो चढतो. चार महिन्यांत साइडवॉलला (टायरच्या बाजूच्या भिंतीला) फुगा येतो, रिम वाकते किंवा मागे दोन माणसे बसली की टायर आर्चला (चाकावरच्या कमानीला) घासू लागतो. क्रम उलटा ठेवा. आपल्या रोजच्या रस्त्याला साइडवॉल किती लागते ते आधी पाहा, त्यावरून टायर ठरवा, टायरवरून रिमची रुंदी आणि ऑफसेट (रिम हबवर किती आत किंवा बाहेर बसते ते माप). डिझाइन शेवटी.

उदाहरणाला फोक्सवॅगन व्हर्टस जीटी १.५ घेऊ. कंपनीचा टायर २०५/५५ आर१६. २०५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, साइडवॉलची उंची तिच्या ५५ टक्के म्हणजे ११२.७५ मिमी, आणि रिम १६ इंच म्हणजे ४०६.४ मिमी. साइडवॉल वर आणि खाली अशी दोनदा धरायची: ४०६.४ + २२५.५ = ६३१.९ मिमी. हा टायरचा बाहेरचा व्यास. नव्या टायरचा व्यास याच्या दोन टक्क्यांच्या आत ठेवा. स्पीडोमीटर, एबीएस, ईएसपी आणि गिअरचे गुणोत्तर सगळे याच आकड्यावर बेतलेले असते.

आता नेहमी सुचवल्या जाणाऱ्या साइझ तपासू:

२०५/५० आर१७: व्यास ६३६.८, फरक +०.८ टक्के, साइडवॉल १०२.५ मिमी
२२५/४५ आर१७: ६३४.३, +०.४ टक्के, साइडवॉल १०१ मिमी
२१५/४५ आर१७: ६२५.३, −१ टक्का, साइडवॉल ९७ मिमी
२१५/५० आर१७: ६४६.८, +२.४ टक्के, साइडवॉल १०७.५ मिमी
२२५/४० आर१८: ६३७.२, +०.८ टक्के, साइडवॉल ९० मिमी
२१५/४० आर१८: ६२९.२, −०.४ टक्के, साइडवॉल ८६ मिमी

कागदावर १८ इंची दोन्ही साइझ बसतात. रस्त्यावर मात्र साइडवॉलचा आकडा निर्णायक. घोडबंदर रोडवर पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, मुंब्रा बायपासवर कंटेनरच्या मागे असताना खड्डा चुकवायला जागाच नसते. खड्ड्याची धार लागली की टायर दबून रिमच्या कडेपर्यंत चिमटला जातो, आतले धागे तुटतात आणि तिथे हवेचा फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. म्हणून रोज ठाण्याच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीला साइडवॉल १०० मिमीच्या खाली नेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. व्हर्टससाठी त्याचा अर्थ १७ इंच, आणि २०५/५० किंवा २२५/४५. गाडी बहुतांशी पाम बीच रोड आणि अटल सेतूवरच फिरत असेल तर २२५/४० आर१८ चालून जाईल, पण हवा दर आठवड्याला तपासायची तयारी हवी. २१५/५० आर१७ चा मोह अनेकांना ग्राउंड क्लिअरन्ससाठी होतो. गाडी जेमतेम साडेसात मिमी उचलली जाते आणि टायर आर्चच्या तेवढाच जवळ जातो. शिवाय स्पीडोमीटर मूळच्यापेक्षा सुमारे २.३ टक्क्यांनी कमी वेग दाखवू लागतो.

रुंद टायर म्हणजे नेहमीच जास्त पकड, असे नाही. कोरड्यात २२५ ची पकड जाणवते, विशेषतः रिमॅप केलेल्या (सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या) इंजिनाला. पण तेवढ्याच वजनाखाली रुंद टायर साचलेल्या पाण्यावर कमी वेगातच तरंगायला लागतो. सायन-पनवेल महामार्गावर जुलैमध्ये हे धोक्याचे ठरते. कायद्याने ट्रेड (टायरच्या नक्षीची खोली) १.६ मिमीपर्यंत चालतो. २२५ घेणाऱ्याने ३ मिमीला टायर बदलावा आणि तोही जूनच्या आधी.

साइझ ठरली की लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो हे सांगणारा, त्यावर छापलेला आकडा) बघा. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, कारण दुकानात यावर कोणी बोलत नाही. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, ८७ म्हणजे ५४५, ९२ म्हणजे ६३०, ९४ म्हणजे ६७०. मूळ टायर ९१ व्ही असेल तर ८७ चा २१५/४५ स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. पुढचे अक्षर वेगाचे: व्ही २४०, डब्ल्यू २७० किमी ताशी. मूळपेक्षा खालचे अक्षर नको. एक्सएल लिहिलेला टायर जास्त वजन पेलतो, पण त्यासाठी त्याला हवाही जास्त लागते. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ पीएसआय लिहिले असेल, तर तेवढेच वजन पेलायला ९४ एक्सएलच्या २२५/४५ आर१७ ला सुमारे ३५ आणि ९२ एक्सएलच्या २२५/४० आर१८ ला सुमारे ३७ पीएसआय हवी. नवा १८ इंची टायर जुन्याच ३३ वर चालवला की खड्ड्यात फुटणार, हे ठरलेले.

घेताना टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. आयएसआय चिन्ह हवेच. जून २०२० पासून टायरची आयात परवान्याखाली आहे, त्यामुळे काही साइझ अचानक मिळेनाशा होतात. एकच टायर खराब झाला तर तोच टायर पुन्हा मिळेल का, हे अलॉयचे पैसे देण्याआधी दोन-तीन डीलरना विचारा.

आता रिम. २२५/४५ आर१७ साठी मान्य रुंदी ७ ते ८.५ इंच, उत्तम ७.५. २०५/५० आर१७ साठी ५.५ ते ७.५, उत्तम ६.५. २२५/४० आर१८ साठी ७.५ ते ९. अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवला की रिमची कड टायरच्या बाहेर येते आणि पहिल्याच खड्ड्यात मार खाते. आपल्याकडे तो प्रकार टाळावाच.

व्हर्टसचा पीसीडी (बोल्टची संख्या × त्यांच्या वर्तुळाचा व्यास मिमीमध्ये) ५×१०० आणि हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाचा, व्यास ५७.१ मिमी. स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएसचा पीसीडी ५×११२ आहे, त्यामुळे तिचे अलॉय इथे बसत नाहीत. बाजारातल्या बऱ्याच अलॉयचे मधले भोक ७३.१ मिमी असते. ७३.१ ते ५७.१ ची हब रिंग लावली नाही तर चाक फक्त बोल्टवर मध्यभागी येते, आणि बॅलन्सिंग कितीही अचूक केले तरी ८० ते १०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरते.

ऑफसेट म्हणजे ईटीचा आकडा रिमच्या आतल्या बाजूला ओतलेला असतो. मूळ रिम ६ जे (म्हणजे ६ इंच रुंद), ईटी ३८ आहे असे समजा. ७.५ जे, ईटी ३८ घेतली तर रिम आत आणि बाहेर १९-१९ मिमी वाढते. ७.५ जे, ईटी ४५ घेतली तर आत २६ आणि बाहेर १२ मिमी. आत स्ट्रट (सस्पेन्शनचा खांब) आहे, बाहेर फेंडर (चाकावरचा पत्रा). जुने चाक चढवलेले असताना दोन्हीकडची मोकळी जागा पट्टीने मोजा आणि नव्या मापातून वजा करा. स्ट्रटकडे किमान ५ मिमी उरलेच पाहिजेत. मोठे ब्रेक बसवले असतील तर कॅलिपरचा पुठ्ठ्याचा साचा करून रिमच्या दांड्यांखाली फिरवून बघा. लोअरिंग स्प्रिंग लावायच्या असतील तर मोजमाप त्या लावल्यानंतरच घ्या.

पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीला मागे रुंद, पुढे अरुंद असे टायर लावून काही साधत नाही. उलट अदलाबदल करता येत नाही. चारही सारखे ठेवा.

बोल्टकडे खास लक्ष द्या. कंपनीचे एम१४×१.५ बोल्ट गोल बैठकीचे असतात आणि बाजारातल्या बहुतेक अलॉयना ६० अंशांची शंकूसारखी बैठक लागते. गोल बोल्ट शंकूच्या बैठकीत कडेवरच टेकतो, आवळल्यासारखा वाटतो आणि चालता चालता सैल होतो. योग्य बैठकीचे बोल्ट घ्या आणि हाताने किमान आठ-नऊ वळसे आत जातात का ते मोजा. मग टॉर्क रेंचने, चांदणीच्या क्रमाने, १२० न्यूटन मीटर. इम्पॅक्ट गनने शेवटचा आवळ देऊ देऊ नका. ५० ते १०० किमी चालल्यावर पुन्हा टॉर्क तपासा. स्टेपनी मूळ रिमचीच राहत असल्याने जुन्या गोल बैठकीच्या बोल्टांचा संच डिकीत ठेवा. नव्या बोल्टांनी स्टेपनी नीट बसणार नाही.

चाके चढल्यावर आर्चच्या आतल्या लायनरला खडू फासा. चार माणसे बसवा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून सोसायटीचा रॅम्प आणि एखादा उंच गतिरोधक हळू पार करा. खडू कुठे पुसला गेला तिथे टायर घासतो. नंतर अलाइनमेंट करा आणि गाडीत हवेचा इशारा एबीएस सेन्सरवरून येत असेल तर तो नव्याने सेट करा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करण्यावर बंधन आहे. नंबर एमएच-०४ असो की एमएच-४३, टायर फेंडरच्या बाहेर येऊ देऊ नका आणि बदल विमा कंपनीला लेखी कळवा. मूळ चार चाके विकू नका. गाडी विकताना आणि एखादे अलॉय दुरुस्तीला गेले असताना तीच कामी येतात. ती आडवी रचून, हवा २० पीएसआयवर आणून, उन्हापासून दूर ठेवा.