खिळा वाकतोय? मग गिट्टी मारा

नव्या घरात फोटो लावायची हौस पहिल्याच खिळ्याला फिटते. खिळा वाकतो, प्लास्टरचा पोपडा पडतो, वर घरच्यांचं 'मी सांगत होते' ऐकावं लागतं ते वेगळंच. खिळा सारखा वाकत असेल तर बहुधा खाली काँक्रीटचा कॉलम किंवा बीम असतो. तिथे हातोडीचा जोर वाढवून बोटंच चेचली जातात. हॅमर ड्रिलच हवं. आपलं नसेल तर सरळ शेजाऱ्यांकडून मागून आणा.

साध्या फ्रेमला ड्रिलचं 6 मिमीचं बिट (भोक पाडणारी टोकदार सळी), त्याच मापाची गिट्टी (स्क्रू पकडून ठेवायला भोकात बसवतात ती प्लास्टिकची नळी) आणि तिच्यात घट्ट बसेल असा स्क्रू पुरतो. गिट्टीच्या लांबीपेक्षा किंचित पुढे बिटवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे भोक किती खोल गेलं ते कळतं. भोकाखाली एक जुनं पाकीट तोंड उघडं ठेवून चिकटवा; भुकटी त्यात पडते, सोफ्यावर नाही. भोकात उरलेली भुकटीही काढा, नाहीतर गिट्टी अर्ध्यात अडते. भोक मोठं झालं तर गिट्टी स्क्रूबरोबर गरगर फिरते. मग आगपेटीच्या काड्या कोंबायचा आपला जुगाड हलक्या घड्याळापुरता ठीक आहे, आरशाला अजिबात नको. तिथे मोठी गिट्टीच घाला.

स्विचबोर्डच्या सरळ रेषेत वर-खाली किंवा आडवं भोक पाडू नका, वायरी बहुतेक तिथूनच गेलेल्या असतात. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीत पाइप असू शकतो, त्यामुळे तिथे आधी प्लंबरला विचारा.